डाव्या कुशीतला आयचा हात

मी शुद्धीवर आले तेव्हा माझ्या खाटेवर आय झोपलेली होती.

आय म्हणजे माझी आई. तिला जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. ती सगळी काही मला दिसली नाही, फक्त तिचा हात दिसला. माझ्या डाव्या कुशीला, हॉस्पिटलच्या चादरीवर पडलेला, थंडगार, थोडासा सुजलेला. मधल्या बोटात तिची अंगठी होती. मला बरं वाटलं. एवढ्या अनोळखी माणसांत आपलं कुणीतरी आहे, असं वाटलं.

हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या राजोडीत आणि आसपासच्या गावांत कुणाला लकवा मारला की त्यांची माणसं माझ्याकडे येतात. "चुंबकाच्या मशीनने हात बरा झाला त्या टीचर तुम्हीच ना?" असं विचारतात. मशीन कुठे मिळतं, दुखतं का, शॉक देतात का, हे सगळं त्यांना हवं असतं. मी सांगते. पण खरी गोष्ट मशीनच्या आधीची आहे, आणि ती दारात उभ्या उभ्या सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

अर्धा फळा

नालासोपाऱ्याजवळच्या एका मराठी शाळेत मी भूगोल शिकवायची. त्या दिवशी नद्या चालू होत्या. मी फळ्यावर लिहीत होते आणि पोरी खुसखुसत होत्या. शेवटी एकीला राहवलं नाही. "टीचर, इकडे केवढी जागा आहे! तिकडेच काय कोंबताय?"

मी पाहिलं. फळ्याच्या उजव्या अर्ध्या भागात मी गोदावरी, कृष्णा, कावेरी सगळ्यांना एकमेकींच्या अंगावर लोटलं होतं. ती मुलगी म्हणत होती ते 'इकडे' मात्र मला सापडेना. माझ्या दृष्टीने फळा तिथेच संपत होता. मी तिला रागावले, खुर्चीवर बसायला गेले आणि खुर्ची जिथे होती तिथे बसलेच नाही.

वसईतल्या हॉस्पिटलमध्ये डोक्याचा फोटो काढला. माझे यजमान इनास पोस्टात होते. घरोघर तारा वाचून दाखवण्यात त्यांची अर्धी नोकरी गेली होती. वाईट तार असली की ते आधी चष्मा पुसायचे. डॉक्टर त्यांच्याशी बोलले आणि इनास माझ्याकडे चष्मा पुसतच आले. मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला होता, त्यामुळे शरीराची डावी बाजू गेली होती. मी सगळं नीट ऐकलं. मला त्या बाईची दया आली. ती बाई मीच, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

कोणाचा हात

सकाळच्या राउंडला तरुण डॉक्टरांनी तो हात उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला. "हा कोणाचा?"

"आयचा."

"आणि हा?"

"हा माझा. उजवा."

"मग तुमचा डावा कुठे आहे?"

"असेल इथेच कुठेतरी," मी म्हणाले. चष्मा हरवल्यावर म्हणतो तसं.

शिकाऊ डॉक्टर हसले. इनास हसले नाहीत.

मी वेडी झाले नव्हते. वार विचारला तर सांगत होते, पाढे म्हणत होते, शाळेत माझा वर्ग कोण घेतंय याची काळजी करत होते. आय मेली आहे हे मला पक्कं माहीत होतं. तिच्या शवपेटीवर मूठभर माती मीच टाकली होती. आणि हात आयचा आहे हेही तितकंच पक्कं माहीत होतं. या दोन गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या आणि एकमेकींशी भांडत नव्हत्या. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी हे समजून घ्यावं. आम्ही खोटं बोलत नसतो.

पुरावाही होता. आय गेली तेव्हा पेटी बंद करायच्या आधी माझ्या थोरल्या बहिणीने, रोजीबायने, तिच्या बोटातली लग्नाची अंगठी उतरवून माझ्या डाव्या हातात घातली. ती मी कधी काढली नाही. माझी स्वतःची लग्नाची अंगठी उजव्या हातात असायची. आता चादरीवर दोन हात होते. एकात माझी अंगठी, दुसऱ्यात आयची. यात न समजण्यासारखं काय होतं, हेच मला कळत नव्हतं.

वॉर्डातल्या मावशी स्पंजिंगला आल्या की मी सांगायची, "आधी आयचा हात पुसा. पाणी कोमट घ्या, तिला थंड सोसत नाही." बाकी सगळे समजूत घालायला बसायचे. मावशींनी कधी वाद घातला नाही. कोमट पाणी आणून आधी तो हात पुसायच्या आणि म्हणायच्या, "झालं हो आजी." त्या बाईला मी रोजच्या प्रार्थनेत आठवते.

इनासचे मात्र हाल झाले. ते शेजारी बसून तो हात धरायचे आणि मी ओरडायची, "सासूचा हात असा धरतात का? लाज नाही वाटत?"

एकदा ते म्हणाले, "तुझ्या आयला चार वर्षं माझ्याच घरात सांभाळली, सेलिना. तेव्हा निदान तिचा पलंग वेगळा होता." आम्ही दोघंही हसलो. मग ते चहा आणायला म्हणून बाहेर गेले आणि फार उशिरा, चहा न घेता परत आले.

रोजीबायचं म्हणणं

रोजीबायला हे सगळं माझ्यापेक्षा लवकर पटलं. ती शेतीवाडीत आणि मासळीबाजारात वाढलेली, डॉक्टरांना न भिणारी बाई.

"आयला तिची आंगठी पायजे," ती म्हणाली. "पेटीतून काडून घेतली ना आपुन. म्हनून आलीय ती. मी काडली, आनि तुला भोगायला लागतंय."

तिने चर्चमध्ये आयच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सांगितली. फादर मला बघायला येऊन गेले. "रोजी, देवाकडे गेलेली माणसं सोन्यासाठी परत येत नाहीत," असं म्हणाले. रोजीबायने मान डोलावली आणि ते गेल्यावर म्हणाली, "त्यांना काय म्हाईत आमची आय."

अंगठी परत द्यायची म्हटलं तरी कुठे द्यायची? आमच्या गावच्या दफनभूमीत जागा कमी. काही वर्षं झाली की तीच कबर दुसऱ्यासाठी उघडतात आणि आधीच्या माणसाची हाडं भिंतीजवळच्या सगळ्यांच्या खड्ड्यात जातात. आयच्या जागी आता दुसरंच कुणी झोपलं होतं. आयला कबर राहिली नव्हती. मला तेव्हा वाटायचं, म्हणूनच ती माझ्याकडे आली. जागा नव्हती तिला.

तीच खिडकी

मला घरी आणलं आणि आयच्याच खोलीत, तिच्याच खिडकीपाशी ठेवलं. दुसरी खोली नव्हती. इनास तरी काय करणार?

आयलाही लकवाच झाला होता. तिचीही डावी बाजूच गेली होती. आम्हाला भाऊ नव्हता, म्हणून माझ्या लग्नानंतर तिला मीच घरी आणलं. ती चार वर्षं त्या खिडकीशी पडून होती. तेव्हा मशीन वगैरे काही नव्हतं. तेल, शेक आणि रोझरीची माळ.

ती डावा हात सतत पदराखाली झाकून ठेवायची. उजव्या हाताने त्याला हळूहळू थोपटायची. आम्ही मोठ्याने बोललो की म्हणायची, "हळू बोला गो. लुसी झोपलीय." लुसी आयची धाकटी बहीण, लहानपणीच तापाने गेलेली. आम्ही म्हणायचो, आयला लहानपण आठवतंय, म्हातारपणी असं होतंच. आणि हळू बोलायचो.

एका दुपारी रोजीबाय मला पेज भरवत होती. वारा आला, म्हणून मी त्या हातावर माझा पदर ओढून घेतला आणि थोपटलं. रोजीबायचा चमचा तसाच राहिला.

"आय असंच करायची," ती म्हणाली.

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. मग रोजीबाय म्हणाली, "म्हंजे आय थोपटायची तो हात तिला तिचा वाटतच नव्हता. तिच्यासाठी तो लुसीचा हात होता."

मला जी भीती वाटली ती तोवर वाटली नव्हती. आजार कळल्यावरही नव्हती. मी याच खिडकीशी आयचा हात थोपटत म्हातारी होणार आणि पोरंबाळं हळू बोलत राहणार, हे मला समोर दिसलं. आणि दुसरं दिसलं ते त्याहून वाईट होतं. त्यातून सुटायचं तर आयला जावं लागणार होतं. हात माझा व्हायचा तर तो तिचा राहणार नव्हता. मला माझा हात हवा होता. मला आयही हवी होती.

बडबडी बहीण

घरी व्यायाम द्यायला येणारी फिजिओ एक दिवस वैतागून म्हणाली, "टीचर, तुमचा हात थोडा हलू शकतो, पण तुम्ही त्याला हलवायलाच तयार नाही. दुसऱ्याचा हात कोण हलवेल?" तिनेच मुंबईतल्या एका हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. त्या लकव्याच्या पेशंटवर चुंबकाचं काम करत होत्या.

शेजाऱ्यांच्या व्हॅनमधून आम्ही गेलो. मी, इनास आणि न विचारता आधीच आत जाऊन बसलेली रोजीबाय.

डॉक्टरबाईंनी साध्या भाषेत समजावलं. डोक्याला भोक नाही, सुई नाही, भूल नाही. "मेंदूचे दोन भाग एकमेकांना सारखे दाबत असतात. दोन बहिणी समजा. एक जखमी होऊन गप्प बसली की दुसरीची बडबड आणखी वाढते आणि जखमीला तोंडच उघडू देत नाही. आपण बाहेरून चुंबकाने त्या बडबडीला जरा गप्प करायचं. तेवढ्यात जखमी काही बोलते का ते बघायचं."

इनास आणि मी, दोघांनीही एकदम रोजीबायकडे पाहिलं. "माज्याकडं काय बघताव?" ती म्हणाली.

त्या बाईंनी भूलथापा दिल्या नाहीत. "हे अजून अभ्यासाचं आहे. काहींना उपयोग होतो, काहींना काहीच होत नाही. मी वचन देणार नाही." फिट येते का, डोक्यात कुठे धातू आहे का, हृदयाला मशीन बसवलंय का, सगळं विचारलं. मग तोच प्रश्न. "हा हात कोणाचा?"

"आयचा."

त्यांनी लिहून घेतलं, हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अंगावरचं सगळं सोनं काढावं लागेल. बोटांना तारा चिकटवायच्या असतात, आणि हे बोट किती सुजलंय बघा. ही अंगठी निघायलाच हवी."

सोनार

साबण झाला, खोबरेल झालं, बोटाला दोरा गुंडाळून पाहिला. अंगठी हलली नाही. रोजीबाय म्हणाली, "बघ, सोडत नाय ती." शेवटी इनास निर्मळ गावाहून सोनाराला घेऊन आले.

त्याने छोटी कातर लावली तेव्हा मी गल्लीत ऐकू जाईल एवढ्याने किंचाळले. "तिला दुखेल! तिला विचारा आधी!" सोनार घाबरून मागे सरला. रोजीबायने माझं डोकं छातीशी धरलं आणि त्याला म्हणाली, "काप बाबा. आयला मी सांगते." ती खरंच त्या हाताशी वाकून आयशी काहीतरी बोलली. मग कट्ट असा आवाज झाला.

अंगठीच्या जागी पांढरा पट्टा उरला होता. मी त्या हाताकडे बघितलं. तो आयचा नव्हता. माझाही नव्हता. आय निघून गेली होती आणि हात मागे ठेवून गेली होती.

माझ्या आजारातले सगळ्यात वाईट दिवस ते. आयच्या हाताशेजारी मी शांत झोपायची. या हाताशेजारी मला डोळा मिटवत नव्हता. कुशीवर वळताना तो अंगाखाली आला की मी दचकायची. इनासना म्हणायची, याच्यावर उशी ठेवा, मला दिसू देऊ नका. पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंनी विचारलं, "हा हात कोणाचा?" मी म्हणाले, "कोणाचाच नाही." आणि रडले.

"हे आधीच्यापेक्षा बरं उत्तर आहे," त्या म्हणाल्या. मला त्यांचा फार राग आला.

अंगठा

सलूनमध्ये असते तशी खुर्ची होती. कानात कापूस. इंग्रजी आठच्या आकड्यासारखं एक जड वेटोळं त्यांनी माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूला, चांगल्या बाजूला टेकवलं. दिवाळीतल्या टिकलीच्या बंदुकीसारखा आवाज झाला. कपाळावर कुणी टिचकी मारल्यासारखं वाटलं.

आणि माझा उजवा अंगठा उडाला.

मी उडवला नव्हता. माझा, चांगला, एरवी माझी अंगठी असलेला, तीस वर्षं खडू धरलेला हात. तो मला न विचारता हलला. पुन्हा टिचकी, पुन्हा अंगठा. मी त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. हा माझा म्हणून कशावरून? मी याच्यावर कधी शंकाच घेतली नव्हती. आणि कुणीतरी बाहेरून टिचकी मारतं आणि हा त्यांचं ऐकतो.

मग त्यांनी वेटोळं उजव्या, जखमी बाजूला नेलं. बराच वेळ काही झालं नाही. जागा थोडी सरकवली, आणखी थोडी. मग डावा अंगठा हलला. अगदी जरासा, झोपलेलं मूल चुळबुळतं तेवढाच.

"बघितलंत?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "वाट पूर्ण बुजलेली नाही."

मला वाटेचं काही वाटलं नाही. मला त्या हाताची दया आली. दोन्ही हात सारखेच परके होते आणि दोन्ही सारखेच गरीब होते. त्या दिवशी परतताना मी उशी मागितली नाही.

त्यानंतर आम्ही बरेच दिवस जात राहिलो. मशीन चांगल्या बाजूवर टकटक करायचं, ते झालं की लगेच व्यायाम. कधी डोकं दुखायचं, जबडा आवळायचा. घरी इनास माझ्या चांगल्या हाताला फडक्याची पिशवी बांधायचे, म्हणजे दुसऱ्याला काम पडेल. मी चिडून पेला पाडायची. ते पुन्हा पेला ठेवायचे. आमच्यात यावरून इतकी भांडणं झाली की शेजारी म्हणायला लागले, टीचर बऱ्या होतायत.

एक दिवस जेवताना मला ताटात लोणचं दिसलं. मी म्हणाले, "आज कसं काय लोणचं?" इनास म्हणाले, "रोज असतं. तू रोज भांडतेस की वाढलं नाही म्हणून." ताटाची डावी बाजू परत आली होती. इनासनी चष्मा काढला आणि पुसला.

मशीनमुळे की व्यायामामुळे की दिवस गेल्यामुळे, मला ठाऊक नाही. डॉक्टरबाईंनीही छातीठोक सांगितलं नाही. बोटं मिटायला लागली. वस्तू धरली तर धरलेली राहायची. पण "हा हात कोणाचा?" विचारलं की मी गप्प बसायची. 'माझा' हा शब्द तोंडाशी यायचा आणि मी तो गिळायची.

मृतांचा दिवस

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आमच्याकडे सगळं गाव दफनभूमीत जातं. कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या. मी काठी घेऊन गेले. रोजीबायच्या रुमालात कापलेली अंगठी होती. आयच्या जुन्या जागेपाशी ती उभी राहिली. तिथे दुसऱ्याच घराची माणसं फुलं ठेवत होती. रोजीबाय ओशाळून बाजूला झाली.

मग आम्ही भिंतीजवळच्या त्या सगळ्यांच्या खड्ड्याकडे गेलो. तिथेही लोक मेणबत्त्या लावत होते. मी म्हणाले, "एक आयची, एक लुसीची." उजव्या हातात काठी होती, म्हणून इनासनी एक मेणबत्ती माझ्या डाव्या मुठीत दिली. मूठ मिटली. मी धरून उभी राहिले.

प्रार्थना चालू असताना वारा आला, ज्योत वाकली आणि मेण हातावर ओघळलं.

"आई गं! माझा हात भाजला!"

प्रार्थना थांबली. इनास माझ्याकडे बघत होते. रोजीबायने तोंडावर हात ठेवला. मीच काय बोलले ते मला मागाहून ऐकू आलं.

मेण तिथे गार होत होतं, अंगठीच्या पांढऱ्या पट्ट्याच्या वरच. आणि त्या चटक्यातून हाताची सगळी कातडी मला कळत होती, मनगट, कोपर, खांदा, सगळं एकमेकांना जोडलेलं. मी हसत होते आणि त्याच वेळी हुंदके देत होते. बायांना वाटलं, भाजल्यामुळे रडते. मी रडत होते कारण आय गेली होती. या वेळी तिच्यावर टाकायला मूठभर मातीही नव्हती.

घरी येताना रोजीबायने रुमाल माझ्या हातात दिला. "आयला नको हाय ती आता. तूच ठेव." अंगठी मी अजून जोडून घेतलेली नाही.

विचारायला येणाऱ्यांसाठी

हात पूर्ण बरा झाला नाही. वेणी घालता येत नाही. मासळी धरून ठेवता येते, कापता उजव्या हाताने येते. काठीशिवाय अंगणात फिरते. मशीन चांगलं की वाईट, हे मी सांगू शकत नाही. जायचं असेल तर ज्या डॉक्टर खोटं वचन देत नाहीत अशांकडे जा.

एवढं मात्र सांगते. तुमचा पेशंट म्हणाला की हा हात माझा नाही, तर भांडू नका आणि हसू नका. कोणाचा आहे ते विचारा. तो काय सांगतो ते ऐका. कोमट पाण्याने पुसा.

मी तपासणीला अजून जाते. डॉक्टरबाई आजही तोच प्रश्न विचारतात आणि मी आता न अडखळता म्हणते, "माझा." त्या खूष होतात. इनास खूष होतात. ते खोटं नाही.

आयला कुणी मशीन लावलं नाही. लुसी शेवटपर्यंत तिच्या पदराखाली झोपून राहिली. मी बरी झाले. दर वेळी 'माझा' म्हणताना मला वाटतं, आपण आयला पुन्हा एकदा घराबाहेर काढलं.